तिला विचारलंस का?

कील शहरातल्या एका किटात, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र असलेल्या ठिकाणी, मी नुकतीच मदतनीस म्हणून लागले आहे. दोन वर्षांच्या एका मुलीचा डायपर भरला होता. तिला उचलायला वाकले, तेवढ्यात सहकारी म्हणाली, "कुणाकडून बदलून घ्यायचाय, तिला विचारलंस का?" मला काही सुचेना. आमच्या घरी पोर काखोटीला मारायचं आणि कामाला लागायचं. मुलीने सरळ सहकारिणीकडे बोट दाखवलं. डायपर बदलायचा, हे ठरलेलंच. कुणी बदलायचा, हे तिच्या हातात.

मुलांनी एकट्यांनी काय ठरवायचं, मोठ्यांसोबत काय आणि त्यांच्यावर काय सोडायचंच नाही, हे इथे लिहून ठेवलंय. ताटात किती वाढून घ्यायचं, ते मूल ठरवतं. रस्ता कुठे ओलांडायचा, ते आम्ही. ही एखाद्या बाईंची हौस नव्हे. 2012 पासून जर्मनीत किटाच्या परवान्यासाठी मुलांच्या सहभागाची आणि तक्रारीची सोय असावीच लागते. कील ज्या श्लेसविग-होलश्टाइन राज्याची राजधानी आहे, तिथे तर 2001 सालीच काही किटांमध्ये याचे प्रयोग सुरू झाले होते.

पण ज्याला बोलताच येत नाही, ते बाळ तक्रार करणार कशी? मान फिरवली, चमचा ढकलला, अंग ताठ केलं, की ती तक्रार धरायची. हे ऐकल्यापासून भरवताना माझा हात आपोआप थांबतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

सहलीला समुद्रावर जायचं की जंगलात, हे मोठ्या मुलांनी ठरवलं. जमिनीवर दोन चित्रं, प्रत्येकाच्या मुठीत एक काचेचा खडा. जर्मन न येणाऱ्या एका मुलाने सगळ्यांचे चेहरे न्याहाळले आणि खडा समुद्रावर ठेवला. जंगल जिंकलं. तो रडला. बाईंनी त्याला गप्प केलं नाही; जवळ बसून राहिल्या. मत विचारायचं, तर त्याचं वाईट वाटणंही ऐकून घ्यायला हवं, हे मला तिथे पटलं.

एक गोष्ट अजून सुटत नाही. एक आई म्हणते, दुपारी अर्ध्या तासात उठवा, नाहीतर रात्री झोपत नाही. मूल तर गाढ झोपलेलं असतं. इथे कुणाचं ऐकायचं? येत्या बैठकीत मी हे विचारणार आहे.