खरी तबकडी आणि खोटी तबकडी

प्रत्येक मनुष्यास कसला ना कसला तरी छंद असतोच. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं. आमचा छंद मात्र विद्यार्थ्यांपुढें सांगण्यास थोडा संकोच वाटावा असा आहे. परीक्षेंत नक्कल करणारास आम्ही उभें करतों. आणि आमच्याच कपाटांत पाश्चात्य रॉक संगीताच्या चोरून छापलेल्या तबकड्यांची रांग लागलेली आहे!

या तबकड्यांच्या दोन जाती आहेत. पहिलीस बूटलेग म्हणतात. बुटाच्या उंच नळींत दारूची बाटली दडवून नेणाऱ्यांवरून हा शब्द आला. कंपनीनें प्रसिद्ध न केलेलें गायन, मग तें जलशांत गुपचुप टिपलेलें असो वा घरगुती तालमीचें, परवानगीवांचून छापावयाचें, ही तिची रीत. रॉकमधील पहिली गाजलेली बूटलेग १९६९ सालीं लॉस एंजेलिस येथें निघाली. ती बॉब डिलनची. नांव 'ग्रेट व्हाइट वंडर'. दोन तबकड्या आणि कोरें पांढरें वेष्टण. डिलननें १९६७ सालीं खाजगी रीतीनें टिपलेलीं कांहीं गाणीं तींत होतीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रोलिंग स्टोन्सचा ऑकलंड येथील जलसाही असाच टिपला जाऊन बाजारांत आला. पुढें गंमत अशी झाली कीं, १९७० सालीं 'दि हू' या संघानें 'लाइव्ह ॲट लीड्स' ही आपली अस्सल तबकडी मुद्दाम बूटलेगसारख्या साध्या तपकिरी वेष्टणांत, शिक्का मारल्यासारखीं अक्षरें छापून काढली. सावानें चोराचा वेष घेतला!

दुसरी जात नकली तबकडीची. ती नवें कांहींच देत नाहीं. खरीचें वेष्टण व अक्षरें यांची नक्कल करून खरी म्हणून खपते. शिकागोच्या व्ही-जे कंपनीनें १९६४ सालीं काढलेली 'इंट्रोड्युसिंग दि बीटल्स' ही तबकडी या बाबतींत फार बदनाम आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका जुन्या बाजारांत ती आम्हांस दिसली, आणि नाताळासाठीं बाजूस ठेविलेले पैसे आम्हीं विक्रेत्याच्या हातीं दिले. घरीं येऊन दिव्याखालीं पाहतों तों काय! खऱ्या तबकडीवरील चिठ्ठींत संघाचें नांव व संग्रहाचें नांव हीं दोन्ही मधल्या छिद्राच्या वर असतात. आमच्या तबकडीवर एक वर होतें व दुसरें खालीं. त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. महिन्याभरानें एक स्नेही घरीं आले. तबकडी पाहून त्यांचे डोळे चमकले, व आम्हीं दिलेल्या किंमतीसच ती घेण्याची त्यांनीं तयारी दाखविली. छिद्राची गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती. आम्ही गप्प राहिलों. तेवढ्या वेळांत मनानें किती सबबी रचल्या! आपणही फसलोंच आहों. यांना गाणींच ऐकावयाचीं आहेत. विचारलें तर सांगूं. इतक्यांत आमची पत्नी चहा घेऊन आली व सहज म्हणाली, "भाऊसाहेब, ती खोटी तबकडी कशाला पाहतां?"

स्नेही हंसले, आम्हीही हंसलों, पण मान वर झाली नाहीं. ते गेल्यावर आम्हीं शाईनें वेष्टणावर 'नकली' असें ठळक लिहून टाकलें.

बूटलेग निदान आपण बूटलेग आहों हें लपवीत नाहीं, असें आम्ही पूर्वीं अभिमानानें म्हणत असूं. पण उघडपणें केल्यानें चोरी सचोटी होत नाहीं. कलावंताचा वांटा बुडतो तो बुडतोच. डिलनच्या त्या १९६७ सालच्या गाण्यांपैकीं कांहीं कंपनीनें स्वतः १९७५ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि १९९१ पासून 'बूटलेग सिरीज' या नांवाची अधिकृत मालाच सुरू केली. आतां आम्ही तीच घेतों.

विद्यार्थिमित्रहो, ती नकली तबकडी आजही आमच्या कपाटांत आहे. ती वाजतेही. नक्कल करणारास आम्ही अजूनही उभें करतों. मात्र त्याला बोलण्यापूर्वीं आम्हांस त्या सायंकाळची आठवण होते, आणि आवाज आपोआप खालीं येतो.