लेबलावरची तारीख

न्यू जर्सीत मी इमारतींच्या विद्युत आराखड्यांचं काम करतो. इथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये २०११ साली ११०.२४ हे कलम आलं. राहती घरं सोडून इतर इमारतींच्या मेन सर्व्हिसवर दोन गोष्टी लिहायच्या: शॉर्ट सर्किट झालं तर तिथे जास्तीत जास्त किती करंट येईल तो आकडा आणि तो हिशेब केल्याची तारीख. लेबलही त्या जागेच्या हवामानात टिकेल असं हवं.

या दोन ओळींचं मोल मला एका गोदामात कळलं. मालकाला शीतगृहासाठी नवे कॉम्प्रेसर जोडायचे होते. मेन स्विचबोर्डावर १५,७०० अँपिअरचं लेबल होतं, तारीख बरीच जुनी. बाहेर कुंपणाआड ट्रान्सफॉर्मर मात्र नवाकोरा दिसत होता. नेमप्लेट वाचली: १५०० केव्हीए, ४८० व्होल्ट, इम्पिडन्स ५.७५ टक्के.

तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. या ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट साधारण १,८०४ अँपिअर. त्याला ०.०५७५ नं भागलं, की ३१,४०० च्या घरात जातं. लेबलावर होता त्याच्या निम्मा, म्हणजे ७५० केव्हीएचा आकडा. वीज कंपनीनं ट्रान्सफॉर्मर बदलला होता, आतल्या बोर्डाकडे मात्र कोणीच पाहिलं नव्हतं.

बोर्डातले ब्रेकर २२ केएचे होते, म्हणजे २२ किलोअँपिअरपर्यंतचा फॉल्ट (शॉर्ट सर्किट) करंट तोडू शकणारे. जुन्या ट्रान्सफॉर्मरला ते पुरेसे होते. आता मोठा फॉल्ट झाला असता, तर तो तोडणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. अशा वेळी ब्रेकर स्वतःच फुटू शकतो आणि समोर उभा असलेला माणूस त्यात सापडतो. केबलच्या लांबीमुळे फॉल्ट करंट थोडा उतरतो खरा. पण इथे केबल जेमतेम काही फुटांची होती.

वीज कंपनीकडून फॉल्ट डेटा लेखी मागवला. चालू मोटारीही फॉल्टला करंट पुरवतात, म्हणून कॉम्प्रेसरचा हिस्सा त्यात धरला. ३५ केएत फारशी मोकळीक उरत नव्हती, तेव्हा ६५ केएचा बोर्ड सुचवला. मालकानं खर्चाबद्दल विचारलं. मी त्याला जुन्या ब्रेकरवरचा २२ चा आकडा आणि नवा हिशेब शेजारी शेजारी दाखवला. तो बोर्ड बदलायला तयार झाला.

एक गोष्ट कामगारांना मी आवर्जून सांगतो. या लेबलावरून कोणता संरक्षक सूट घालायचा हे ठरवू नका. त्यासाठी आर्क फ्लॅशचा वेगळा हिशेब लागतो. करंट कमी असला, की ब्रेकर पडायला कधी कधी जास्त वेळ लागतो आणि ज्वाळेची ऊर्जा उलट वाढते.

फॉल्ट करंट बदलेल असा फेरफार झाला, की आकडा पुन्हा तपासायचा, लागल्यास नवा हिशेब करायचा, असं कोडच सांगतो. तेव्हा बोर्ड उघडण्याआधी लेबलावरची तारीख वाचा, बाहेर जाऊन ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट पाहा आणि दोन्हींचा मेळ बसत नसेल तर काम तिथेच थांबवा.