लाळ! अहो, लाळ!

कानाच्या पाळीपुढं बोट ठेवा. ठेवलंत? त्या कातडीखाली लाळेची सगळ्यात मोठी ग्रंथी आहे! एक या बाजूला, एक त्या बाजूला! जबड्याखाली आणि जिभेखाली आणखी आहेत, आणि सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ! लिटर, बरं का!

मी डॉक्टर नाही, यातलं माझं काही शिक्षणही नाही. पण आमच्या अमडापुरात तोंडाच्या कॅन्सरवर शेक, म्हणजे किरणोपचार, घेऊन आलेली माणसं पाहिलीत. किरणांनी लाळ आटते, म्हणून आजार गेला तरी ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही. दुधात कुस्करली तरी घासागणिक पाणी लागतं. रात्री उशाशी तांब्या. सगळे म्हणतात, जीव वाचला ना, मग एवढं सोसा.

का सोसायचं? मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी यावर चक्क चाचणी लावली! ६० रुग्ण, दोन गट. एकाला थ्रीडी पद्धतीचा शेक, दुसऱ्याला आयएमआरटी. म्हणजे यंत्रातल्या धातूच्या बारीक पट्ट्या सरकत राहतात आणि मग किरण गाठीवर जोरात पडतात आणि मग लाळग्रंथीकडं कमी होतात आणि मग पुन्हा तेच दुसऱ्या कोनातून, तिसऱ्या कोनातून, आणि हा सगळा हिशेब मिलिमीटरचा, म्हणून तर गरम पाण्यात मऊ केलेला जाळीचा साचा चेहऱ्यावर बसवून डोकं जरासुद्धा हलू देत नाहीत!

निकाल २०१२ मध्ये छापून आला. थ्रीडी गटात २८ पैकी २५ जणांना लाळेचा बऱ्यापैकी त्रास, आयएमआरटीत ३२ पैकी १९ जणांना. एकोणीस काही थोडे नाहीत, ते टोचतंच. पण पुढं ऐका! आयएमआरटी घेतलेल्यांची लाळ हळूहळू परत येत गेली! परत! आणि आजार आटोक्यात ठेवण्यात दोन्ही गटांत ठळक फरक नाही!

तुमच्या घरात कुणाचा शेक ठरत असेल तर तो सुरू व्हायच्या आधीच विचारा, लाळग्रंथी वाचवता येतील का? गाठ अगदी लागून असेल तर डॉक्टर नाही म्हणतील, आणि ते ऐकायचं. पण विचारा!

आणि मग कळलं, हे लाळेवर थांबलेलंच नाही! ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११२ रुग्णांच्या चाचणीत एका गटाचे घशातले गिळायचे स्नायू असेच वाचवून पाहिले, २०२३ मध्ये निकाल आला, आणि वर्षभरानं त्या गटातली माणसं जास्त चांगलं गिळत होती! आता ते स्नायू नेमके कुठं असतात त्याचं चित्र शोधायला बसतोय. या, तुम्हीही बसा!