साखर बंद, कॅन्सर बंद?

"साखर सोडा, कॅन्सर उपाशी मरेल" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असणारच. त्यात अर्धं सत्य आहे, हीच खरी पंचाईत. म्हणून या वीकेंडला कोडिंग बाजूला ठेवून थोडं बायोलॉजी.

१९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्गने पाहिलं, की कॅन्सरच्या गाठी ग्लुकोज अधाशासारखं खातात. आता ग्लुकोज पेशीत आपोआप शिरत नाही. पेशीच्या आवरणात त्यासाठी दारं असतात, म्हणजे ट्रान्सपोर्टर प्रथिनं. त्यातलं ग्लूट-१ हे दार बऱ्याच कॅन्सरपेशींवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतं.

पेट स्कॅन याच दारावर चालतो. ग्लुकोजच्या रेणूत थोडा बदल करून किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवतात. हे झालं एफडीजी. दार त्याला साखर समजून आत घेतं, पण आत गेल्यावर ते पुरतं पचत नाही आणि तिथेच अडकतं. मग गाठ मूळ जागी असो की हाडात पसरलेली, स्कॅनवर ती जागा उजळते. माणसाला हे पहिल्यांदा टोचलं १९७६ साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. फ्लोरीन-१८ साधारण ११० मिनिटांत निम्मं उरतं, त्यामुळे ते जवळपासच बनवावं लागतं. भारतातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला आलं.

मग दारच बंद करून टाकलं तर? इथे घोडं अडतं. त्याच स्कॅनवर मेंदूही लख्ख दिसतो, कारण त्यालाही साखर ग्लूट-१ मधूनच पोचते. जन्मतः हे दार कमी असलेल्या मुलांना फिट्स येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग वाचणं वेगळं आणि प्रॉडक्शनवर डिलीट मारणं वेगळं!

दुसरं एक दार आहे, एसजीएलटी-२. त्याचं मुख्य काम किडनीत. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ते स्वादुपिंड आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्येही दाखवलं. एफडीजी या दारातून जातच नाही, म्हणून त्यांनी वेगळी खूण लावलेली साखर वापरली. हे दार बंद करणारी औषधं डायबेटिससाठी आधीच बाजारात होती. उंदरांमध्ये त्यांनी गाठीची वाढ रोखायला मदत केली. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तेव्हा ती गोळी कॅन्सरवर म्हणून मनाने घेऊ नका.

हे सगळं मी वाचायला घेतलं ते आत्यामुळे. तिच्या पेट स्कॅनमध्ये मणक्यात ठिपके दिसले आणि घरात कुणीतरी तो फॉरवर्ड वाचून दाखवला. साखर गेली, मग फळं, मग भात. दीड महिन्यात बाई निम्मी झाली. डॉक्टर म्हणाले, "अहो, ट्रीटमेंट सोसायला अंगात ताकद नको का?" आपण साखर सोडली तरी लिव्हर ग्लुकोज बनवतंच, आणि पोटात काही नसेल तर स्नायूंतली प्रथिनं वापरून बनवतं. म्हणजे गाठीला तिची साखर मिळत राहते, झिजतो तो पेशंट.

डायबेटिस असेल तर पथ्य आहेच. पण कॅन्सर पेशंटच्या ताटातला एखादा पदार्थ बंद करण्याआधी डॉक्टरांना किंवा डाएटिशियनला एक फोन करा. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांनाही हेच सांगा, जरा प्रेमाने. त्यांचाही जीव तुटत असतो म्हणूनच ते पाठवतात.