हुशारांच्या मंडळात जावं का?

कर्जतमधल्या दहिवलीचा एक मुलगा माझ्याकडे गणिताला येतो. गणित दिसताच त्याचं उत्तर तयार असतं. त्यामुळे वर्गात कौतुक कमी, मुलं त्याला टाळतातच जास्त. पुण्यात ‘मेन्सा’ या हुशारांच्या मंडळाची चाचणी देऊन तो निवडला गेला, तेव्हा त्याची आई विचारायला आली, “सर, वर्गणी भरू का? अशानं पोरगा शेफारेल, असं त्याचे मामा म्हणतात.”

मामांची शंका रास्त होती. मेन्साची स्थापना १९४६ साली ऑक्सफर्डमध्ये रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर यांनी केली. बुद्धिमापनात वरच्या २ टक्क्यांत येणं ही प्रवेशाची अट; अशा निवडीनं डोक्यात हवा जाऊ शकते. पण एकट्या पडलेल्या मुलाला बरोबरीची सोबत मिळणं ही चैन नव्हे, गरज आहे. “भरा ताई,” मी म्हणालो.

सोबत मिळाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान मुलांना समाजाच्या कामाशी जोडण्यासाठी. भारतातल्या मेन्सानंही आदिवासी मुलांच्या चाचण्या घेतल्या, दिल्लीत गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘ध्रुव’ प्रकल्प चालवला. हुशार मुलं फक्त चाचणीसाठी पुण्याला जायचं भाडं परवडणाऱ्या घरांत जन्मत नाहीत. कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतही ती आहेत, त्यांच्यापर्यंत चाचणीच पोचत नाही.

आमच्या भागात दुसऱ्या तऱ्हेचं मंडळही आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, अवजड यंत्रं नेता येईनात. मदतीला चढून गेलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्सचे गिर्यारोहक होते. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबला. भर पावसात, अंधारात, निसरड्या वाटेनं माणसं वर न्यायची आणि सुखरूप खाली आणायची, याला बुद्धी लागतेच. तिथे बुद्ध्यांक कुणी विचारला नाही.

मंडळ काय करतं ते पाहावं आणि मगच सभासद व्हावं, असं मला मनापासून वाटतं. बुद्धी हे तिथे शिरण्याचं कारण असू शकेल. टिकून राहण्याचं कारण कामच असायला हवं. मुलालाही हे पटलंय. कर्जतच्या आश्रमशाळांमध्ये मेन्सानं चाचणी घ्यावी, असा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिलाय. मेन्साच्या पुढच्या बैठकीत मुलगा स्वतः उभा राहून तो वाचणार आहे.