वाघ्याचं म्हातारपण

वाघ्यानं सगळ्यात आधी ओटा सोडला. उभी हयात ज्या ओट्यावर बसून त्यानं गल्लीची राखण केली, त्याच्या पायरीशी येऊन तो वर बघायचा आणि खालीच बसायचा. मग म्हैसमाळच्या रस्त्यावरची सकाळची फेरी अर्ध्यावर आली. विव्हळला मात्र एकदाही नाही. गल्लीत सगळे म्हणायचे, "वय झालंय त्याचं, आता असंच चालायचं."

तेरा वर्षांचं गावरान कुत्रं म्हातारं असतं, हे खरंच. पण म्हातारपण वेगळं आणि दुखणं वेगळं. दुखणं कमी करता येतं. कुत्रं ते सांगत नाही, एकेक काम सोडून देतं. त्यानं काय सोडलं, याकडे घरच्यांनीच लक्ष ठेवावं लागतं.

आम्ही त्याला संभाजीनगरला नेलं. दौलताबादच्या दिल्ली दरवाजात नेहमीसारख्या गाड्या अडकलेल्या, आणि तो मागच्या सीटवर गोधडीत धापा टाकत पडलेला. डॉक्टरांनी मागचा पाय खुब्यातून हळूच ताणला, तेव्हा त्यानं मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं. तक्रार म्हणाल तर तेवढीच. एक्स-रेमध्ये सांधा झिजलेला दिसला. मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहे ना, हे रक्त तपासून पाहिल्यावरच त्यांनी मेलॉक्सिकॅम सुरू केलं; वजनावर मोजून, आणि खाणं झाल्यावरच. घरातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंड निकामी करू शकते. पॅरासिटॅमॉलही मनानं द्यायचं नाही. माणसाला चालतं ते कुत्र्यालाही चालेल, हा समज आपल्याकडे फार खोलवर आहे, म्हणून हे मी भेटेल त्याला सांगतो.

गोळीइतकाच फरक घरातल्या बदलांनी पडला. शहाबादी फरशीवर त्याचे मागचे पाय फाकायचे, म्हणून तो बसतो तिथपासून दारापर्यंत गोणपाट अंथरलं. ओट्याला फळी लावून तिच्यावर पोतं ठोकलं. चालणं कमी झाल्यानं नखं झिजत नव्हती आणि वाढलेल्या नखांनी पाऊल नीट टेकत नव्हतं, ती कापली. भाकरी कमी करून वजन उतरवलं. खुलताबाद डोंगरावर, इथली थंडी खालच्या गावांपेक्षा बोचरी. हिवाळ्यात पहाटे त्याचे सांधे आखडतात, तेव्हा पोटाखालून जुना टॉवेल घालून त्याला उठवायचं, अंगणात दोन-चार पावलं चालवायचं, मग दार उघडायचं.

श्रावणात शुक्रवारी रात्रभर भद्रा मारुतीला पायी येणाऱ्यांची रीघ लागते. वाघ्या ती रात्र कधीच झोपला नव्हता. गेल्या श्रावणात तो गाढ झोपला, तेव्हा त्याला ऐकू येत नाही हे आमच्या ध्यानात आलं. आता झोपेत त्याला मागून कुणी हात लावत नाही; पुढून येऊन आधी जमिनीवर थाप मारायची. डोळ्यांत निळसर झाक आहे, पण तो मोतीबिंदू नाही. वयानं भिंग घट्ट होतं, त्यातून बऱ्यापैकी दिसतं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी तो उठायला गेला आणि एका अंगावर कोसळला. मान वाकडी, बुबुळं घड्याळाच्या लंबकासारखी इकडून तिकडे, तोंडातून ओकारी. बघणारे म्हणाले, अर्धांगवायू झाला, आता इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याला. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिथून हललीच नाही. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे बघितले, पाय एकेक करून वाकवून पाहिले. म्हाताऱ्या कुत्र्यांत कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा अशी एकाएकी बिघडते, आणि पुष्कळदा आपोआप सावरते, असं त्यांनी सांगितलं. घाईनं काही ठरवू नका, थोडे दिवस द्या. मळमळीचं इंजेक्शन दिलं. आम्ही दोन्ही बाजूंनी गोधड्यांच्या वळकट्या लावल्या, हातानं पाणी पाजलं, कूस बदलत राहिलो. आधी बुबुळं थांबली, मग तो बसला, मग भिंतीचा आधार घेत अंगणापर्यंत गेला. मान अजून किंचित कलती आहे. त्या सकाळी आम्ही बघणाऱ्यांचं ऐकलं नाही, याचं समाधान मला कायम राहील.

आता रात्री तो उगाच फिरतो, कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहतो. मेंदू थकल्याची ती खूण. म्हणून आम्ही झिरोचा दिवा चालू ठेवतो, खाट-कपाट जागचं हलवत नाही, झोपण्याआधी त्याला लघवीला नेऊन आणतो आणि दिवसा उन्हात बसवतो. कधीतरी इंजेक्शनचा निर्णय घ्यावा लागेल, हे घरात बोलून झालंय. त्यानं खाणं सोडलं, औषधानंही दुखणं आवरेना, आईला ओळखेना, तर ओढत न्यायचं नाही. पण ते दुखणं बघून ठरवायचं, वय मोजून नाही.

परवा शेजारचे चाचा आले. त्यांच्या वाड्यावरची कुत्री आताशा पायरी चढत नाही म्हणे, "बुढी हो गई बेचारी." मी त्यांना आमची फळी दाखवली आणि सोमवारी तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. गाडी माझीच घेऊ, वाघ्याचीही रक्त तपासणी करायची आहे.