गवसणीतला तानपुरा: बेंगळुरूहून मिरजेला

सांगलीचं घर बंद करून आई आमच्याकडे बेंगळुरूला राहायला आली, तेव्हा सामानाच्या ट्रकमधून तिचा तानपुराही आला. सगळी खोकी उघडून झाली तरी गवसणी सोडायचं धाडस कुणी करत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईनेच नाड्या सोडल्या. भोपळ्याच्या पाठीवर चार बोटं लांबीची चीर गेली होती. आईने त्या चिरेवरून एकदा बोट फिरवलं, गवसणी परत चढवली आणि म्हणाली, "राहू दे. आता कोण गातंय!"

तानपुरा कपाटामागे गेला आणि तिथेच राहिला.

माझी लेक बारा वर्षांची. दोन वर्षं गाणं शिकतेय, पण तिचा तानपुरा फोनमध्ये. स्वर निवडायचा, बटण दाबायचं, झालं. यात नवल नाही. जी. राज नारायण या बासरीवादक इंजिनिअरने इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवला तो बेंगळुरूतच, १९७९ च्या सुमारास. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, प्रवासात रियाज करणाऱ्या किती जणांची त्याने सोय केली! पण लेकीने दोन वर्षांत एकही तार स्वतःच्या हाताने जुळवली नव्हती. कपाटामागे तानपुरा उभा आणि शेजारच्या खोलीत फोन वाजतोय, हे मला टोचायला लागलं.

बळेपेटेत चौकशी

बेंगळुरूत वाद्यांचं काही काम निघालं की लोक बळेपेटेत जातात. चिकपेट मेट्रो स्टेशनला उतरून चालत गेलं की जुन्या गल्ल्यांमध्ये वाद्यांची दुकानं लागतात. वीणा, व्हायोलिन, गिटार, मृदंग, सगळं एका छताखाली. एका दुकानदाराने आमच्या मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला आणि मान हलवली.

मग त्याने लेकीला दोन वाद्यं दाखवली. दक्षिणेतली वीणा आणि तंबुरा फणसाच्या लाकडाचे. त्यांचं खालचं गोल भांडंही लाकूड कोरूनच केलेलं. आपल्याकडच्या तानपुऱ्याला मात्र खरा, शेतात पिकलेला कडू भोपळा असतो. "फणसाचं काम आम्ही करू," तो म्हणाला, "पण भोपळा मिरजेलाच न्या. जिथे बनला, तिथेच नीट जुळेल."

घरी येऊन आईला सांगितलं. ती नको म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "तिकीट खालच्या बर्थचं मिळेल ना?"

राणी चन्नम्मा एक्स्प्रेस

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही तिघी निघालो. बेंगळुरूहून रात्री सुटणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेला पोचते. तानपुऱ्याला वरचा बर्थ, आईला खालचा. तानपुरा घेऊन प्रवास करणार असाल तर एक लक्षात ठेवा: तारा थोड्या सैल करायच्या, पण पूर्ण सोडायच्या नाहीत, नाहीतर घोडी जागेवरून सरकते. भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळायची आणि तानपुरा कधीही तबलीवर पालथा ठेवायचा नाही.

पहाटे आईने लेकीला उठवलं. कुंदगोळ मागे पडत होतं. सवाई गंधर्वांचं गाव. भीमसेन जोशी इथेच शिकले आणि गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने इथे शिकायला येत. पुढे हुबळी, मग मल्लिकार्जुन मन्सूरांचं धारवाड. "हा रूळ गाण्याचाच आहे बघ," आई म्हणाली. सांगलीहून निघाल्यापासून पहिल्यांदाच ती आपणहून गाण्याबद्दल बोलत होती. कुडचीपाशी कृष्णेचा पूल आला तेव्हा तिने हात जोडले आणि डब्यातल्या दशम्या काढल्या.

भोपळ्यांची गल्ली

मिरजेत तंतुवाद्यं बनवायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या, ती घडवणाऱ्या घराण्यातले. तलवारींचे दिवस संपत आले होते आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाण्याला आश्रय होता. हत्यारांवर चालणारे हात तारांकडे वळले. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या आणि नातलग हेच काम करतात आणि 'सितारमेकर' हे आडनावच झालं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात स्थायिक झाले. १९३७ मध्ये ते गेले. ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं.

आम्ही गेलो त्या कारखान्यात छताला भोपळे टांगलेले होते. हे भोपळे मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, नरम झाला की आकार देतात, परत वाळवतात. मग त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी चढते. लेकीने एका कोऱ्या भोपळ्यावर टिचकी मारली. आवाज ऐकून ती आणखी चार भोपळ्यांवर टिचक्या मारत फिरली. प्रत्येकाचा आवाज वेगळा होता.

कारागीर चाचांनी आमचा तानपुरा मांडीवर घेतला. चीर पाहिली, मग घोडीवरून नख फिरवलं. "ताई, चिरेचं काही नाही. सरस आणि भुसा भरून पॉलिश केलं की दिसणारपण नाही. पण किती वर्षं वाजवला नाही?"

आईने जरा वेळाने उत्तर दिलं. "सहा." बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली होती.

"मग जवारी बसलीय. तीपण काढून देतो. भोपळा फुटला तर आम्ही सांधतो, पण वाद्य बंद राहिलं की ते मुकं होतं."

घ्यायचा असेल तर

काम होईपर्यंत आठ दिवस आम्ही सांगलीला मावशीकडे राहिलो. त्या दिवसांत चाचांकडे बसून बरंच कळलं. नवा तानपुरा घ्यायचा असेल तर आधी स्वर ठरवा. काळी चार किंवा पाचमध्ये गाणाऱ्या बाईचा तानपुरा लहान असतो, तर काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मोठा आणि जाड तारांचा. नक्षीला भुलू नका, ती डोळ्यांसाठी असते. खुंटी फिरवून पाहा, हात काढल्यावर ती तिथेच थांबली पाहिजे. दांडीवरून एक डोळा मिटून नजर टाका, वाक दिसता कामा नये. आणि खर्जाची तार छेडून गप्प बसा. आवाज फुलत जाऊन बराच वेळ टिकला, तर वाद्य चांगलं. नुसता 'टण' वाजून विझला, तर जवारी परत लावून मागा. शक्य असेल तर आपल्या गुरूंना सोबत घेऊन जा.

आता घरी

बेंगळुरूला परतल्यावर तानपुरा कपाटामागे गेला नाही. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून आतल्या भिंतीशी, ऊन आणि पंख्यापासून दूर एका कोपऱ्यात त्याची गादी घातली. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत खुंट्या सरकतात, तेव्हा थोडी खडूची पूड लावायची. पावसाळ्यात त्या फुगून घट्ट होतात, तेव्हा जोर करायचा नाही, हळूहळू फिरवायच्या. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा पुसायच्या, कारण हाताच्या घामाने त्या गंजतात. बाकी सगळ्यात मोठी काळजी म्हणजे रोज वाजवणं.

शिकवणी आईची. पहिला महिनाभर तिने लेकीला गाऊ दिलं नाही, फक्त जुळवायला लावलं. आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, षड्जावर. मग खालचा खर्ज. शेवटी पहिली तार पंचमावर. मालकंस गायचा असेल तर पंचमाऐवजी मध्यम. खुंटीने जवळ आणायचं, मण्याने नेमकं बसवायचं. पहिली तार मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने. ओढायच्या नाहीत, नुसतं बोट फिरवायचं.

पहिल्या आठवड्यात लेक वैतागली. "आजी, फोनवर एका सेकंदात होतं हे!"

"हो," आजी म्हणाली, "पण तिथे फोन ऐकतो. इथे तुला ऐकावं लागतं."

आता ती पाच-सात मिनिटांत जुळवते. फोनचा तानपुरा सहलीला, प्रवासाला आहेच. गेल्या रविवारी आम्ही जे.पी. नगरच्या इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स या संग्रहालयात गेलो होतो. तिथल्या बागेत दगड-धातूची नाद देणारी शिल्पं मुलांना हाताने वाजवता येतात. लेक प्रत्येकाचा स्वर गुणगुणून ओळखत होती. दोन वर्षांच्या क्लासमध्ये हे कधी झालं नव्हतं.

आई अजून गात नाही. मीही विचारत नाही. पण काल संध्याकाळी बाहेर पाऊस लागला होता, लेक तानपुरा घेऊन बसली होती आणि आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. दोन मिनिटं झाली असतील. आतूनच तिचा आवाज आला, "अगं, खर्ज उतरलाय तुझा. मणी सरकव."

आणि मग, लेकीला तो नेमका सापडावा म्हणून, तिने आतूनच खर्ज लावून दिला.